फलटणचा मुक्काम : खोलीची किल्ली घेण्याआधी

फलटण - लग्नाचा मुहूर्त सकाळी दहाचा. मंगल कार्यालयातील मोजक्या खोल्या वधूपक्ष आणि वरपक्ष यांनी व्यापलेल्या. पुण्याहून रात्री अकराला पोहोचलेले चौघांचे कुटुंब एसटी स्थानकाच्या परिसरात 'रूम मिळेल का' अशी विचारणा करत फिरते आहे. एका ठिकाणी खोली नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे पण खाली परमिट रूम, तिसऱ्या ठिकाणी आजोबांचे ओळखपत्र घरी राहिले म्हणून नकार. लग्नसराईतील फलटणला हे दृश्य नवे नाही. अशा रात्री जी मिळेल ती खोली, सांगतील त्या दराने घेतली जाते आणि मनस्तापाची शिदोरी बांधूनच मंडळी सकाळी कार्यालयात दाखल होतात.

यातील बराचसा मनस्ताप टाळता येण्यासारखा असतो. त्यासाठी मुळात फलटणला मुक्कामाला कोण येते, हे समजून घ्यावे लागेल. नाईक-निंबाळकरांचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. राजवाडा, श्रीराम मंदिर, जबरेश्वराचे दगडी देऊळ आणि श्री चक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान म्हणून महानुभाव पंथीयांना वाटणारी ओढ, एवढे वैभव असूनही महाबळेश्वर-पाचगणीच्या अर्थाने हे पर्यटनाचे गाव नाही. येथील लॉजमध्ये उतरणारा नेहमीचा पाहुणा म्हणजे औषधांचा अथवा बियाण्यांचा विक्री प्रतिनिधी, न्यायालयाच्या तारखेला आलेला पक्षकार, कमिन्सच्या कारखान्यात कामासाठी आलेला अभियंता, १९६८ मध्ये स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत आलेला एखादा अभ्यासक. हा पाहुणा बहुतेक वेळा एकटा, एका रात्रीचा आणि सकाळी लवकर निघणारा. साहजिकच येथील निवासव्यवस्थेची घडी त्याच्या सोयीने बसली आहे. मुलाबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह आलेले शहरी कुटुंब या घडीत बसत नाही. बहुतेक कुरबुरी तेथूनच सुरू होतात.

दुसरा घोळ शब्दाचा. मराठी मुलखात 'हॉटेल' म्हणजे प्रथम खाण्याचे ठिकाण. राहण्यासाठी पाटीवर 'लॉजिंग' हा शब्द शोधावा लागतो. नावापुढे हॉटेल असूनही एकही खोली नसणे आणि खोल्या असूनही सकाळचा चहा समोरच्या टपरीवरून मागवावा लागणे, हे दोन्ही अनुभव फलटणमध्ये येऊ शकतात. 'परमिट रूम' या पाटीचा राहण्याच्या खोलीशी काहीही संबंध नाही, हे परप्रांतीय पाहुण्यांना मुद्दाम सांगावे लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानासाठी परवाना आवश्यक ठरवला, त्या परवान्याची आठवण या नावात टिकून आहे. कुटुंबासह उतरणाऱ्याने दूरध्वनीवरच दोन गोष्टी विचाराव्यात : त्याच इमारतीत बार आहे काय, आणि असल्यास खोल्यांकडे जाणारा जिना वेगळा आहे काय. उत्तर देताना पलीकडचा माणूस अडखळला, तर काय समजायचे ते समजावे.

पंचांग पाहून खोली

फलटणमध्ये खोली मिळेल की नाही, हे ऋतूपेक्षा पंचांगावर अधिक अवलंबून असते. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाताना लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते. तिथींच्या हिशोबानुसार हा मुक्काम कधी एक, तर कधी दोन रात्रींचा असतो. २०२२ मध्ये तो दोन रात्रींचा होता. आषाढी एकादशीच्या साधारण आठ-नऊ दिवस आधीचा हा काळ. मात्र एकादशीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, याचे भान अनेकांना राहत नाही. २०२५ मध्ये ती ६ जुलैला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती २५ जुलैवर जाते. गेल्या वर्षीची तारीख मनात धरून जुलैच्या मध्यात 'गर्दी ओसरली असेल' अशा समजुतीने निघालेला प्रवासी वारीच्या ऐन लोंढ्यात सापडू शकतो.

या दिवसांत केवळ खोल्यांचा प्रश्न नसतो. लोणंद ते फलटण आणि पुढे बरडपर्यंतच्या मार्गावर वाहतूक वळवली जाते, एसटीच्या फेऱ्यांचे मार्ग बदलतात आणि गावातील आरक्षित खोलीपर्यंत स्वतःची मोटार नेणे अशक्य होऊ शकते. वारीसाठीच येणाऱ्यांनी खोली महिनोन्‌महिने आधी ठरवावी. ज्यांचे काम वारीशी संबंधित नाही, त्यांनी ते दिवस टाळावेत किंवा सुमारे तीस किलोमीटरवरील बारामतीला मुक्काम करून दिवसा यावे. तसे येतानाही त्या दिवशीचा रस्ता खुला आहे ना, याची आधी चौकशी हवी.

चैत्रात महानुभावांच्या यात्रेची गर्दी असते. त्याच महिन्यात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी घेऊन जाणारे भाविक फलटणमार्गे जातात. मार्गशीर्षाच्या आरंभी श्रीरामाचा रथोत्सव असतो. लग्नसराईचे तर सांगायलाच नको. दाट तिथीच्या दिवशी गावातील सारी कार्यालये एकाच वेळी भरलेली असतात. पत्रिका हाती पडताच यजमानांना 'पाहुण्यांसाठी खोल्या कोठे घेतल्या आहेत' असे विचारण्यात संकोच कसला? यजमानांनी एकगठ्ठा घेतलेल्या खोल्यांचा दर बहुधा कमीच पडतो. मात्र त्या खोल्यांचे पैसे कोण देणार, हे आधी स्पष्ट असावे. निघण्याच्या घाईत काउंटरवर दोन व्याही एकमेकांकडे पाहत उभे राहिल्याचे प्रसंग लॉजचालकांना चांगले ठाऊक आहेत.

'चोवीस तास' म्हणजे किती?

लॉजवरील वादांत पहिला मान वेळेच्या हिशोबाला द्यावा लागेल. काही ठिकाणी खोली घेतल्यापासून चोवीस तास मोजतात. काही ठिकाणी सकाळी दहा वा दुपारी बारा ही खोली सोडण्याची ठरावीक वेळ असते. दुसऱ्या पद्धतीत पहाटे पाचला उतरलेल्या पाहुण्याचा पहिला 'दिवस' अवघ्या सात तासांत संपतो आणि सायंकाळी निघताना बिलात दोन दिवसांचे भाडे दिसते. पाहुण्याला ही लूट वाटते, व्यवस्थापकाला हा नियम वाटतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. म्हणून 'भाडे किती' या प्रश्नाच्या पाठोपाठ 'कधीपासून कधीपर्यंत' हा प्रश्न आलाच पाहिजे. लग्नापूर्वी आंघोळ करून कपडे बदलण्यापुरतीच खोली हवी असेल, तर तसे सांगावे. अर्ध्या दिवसाचा दर सर्वत्र पाटीवर लिहिलेला नसला, तरी ठरवता येतो.

आरक्षण संगणकावरून वा मोबाइलवरून केलेले असो, निघण्यापूर्वी लॉजला एक दूरध्वनी करणे अत्यावश्यक आहे. आरक्षणाच्या संकेतस्थळाने पैसे घेतलेले असतात, पण काउंटरवरील रात्रपाळीच्या मुलाला त्याची गंधवार्ता नसते, असे प्रकार लहान गावांत घडतात. दूरध्वनीवर बोललेल्या व्यक्तीचे नाव, ठरलेला दर आणि खोलीचा प्रकार लघुसंदेशाने परत पाठवून 'हो' असे उत्तर घ्यावे. दोन ओळींचा हा पुरावा रात्री अकरा वाजता फार उपयोगी पडतो.

आगाऊ रक्कम भरताना मात्र सावधगिरी हवी. संकेतस्थळावर सापडलेला क्रमांक खरोखर त्याच लॉजचा आहे काय, हे दुसऱ्या मार्गाने पडताळावे. यात्रेकरूंना लक्ष्य करून हॉटेले, अतिथिगृहे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवली जात असल्याचा इशारा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. पूर्ण रक्कम आधीच मागणारा आणि पैसे जमा होताच 'चुकून कमी आले, पुन्हा पाठवा' असे म्हणणारा माणूस हॉटेलवाला नव्हे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

ओळखपत्राची झेरॉक्स

पाहुण्यांची नोंद ठेवणे ही निवासगृहाची जबाबदारी आहे. पोलीस तपासणीला आले, तर नोंदवही त्यांना दाखवावी लागते. परदेशी नागरिक मुक्कामाला असल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. परदेशातून लग्नाला आलेला पुतण्या आता तिकडचा नागरिक असेल, तर मराठी नाव आणि अस्खलित मराठी यांनी भागत नाही. पारपत्र आणि व्हिसा जवळ हवा. त्यामुळे काउंटरवर ओळखपत्र मागितल्यास रागावण्याचे कारण नाही. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र मागितले जाऊ शकते, हे ध्यानात ठेवून घरातील ज्येष्ठांचीही कागदपत्रे बरोबर घ्यावीत. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते अनेक ठिकाणी चालत नाही.

प्रश्न आहे तो आधारच्या झेरॉक्सचा. ही झेरॉक्स काउंटरखालच्या खणात पडते आणि पुढे तिचे काय होते, हे कोणालाच सांगता येत नाही. आधारची प्रत कोणालाही सरसकट देऊ नये, असे प्रसिद्धिपत्रक प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढले होते. त्यात हॉटेलांचा उल्लेख होता. गैरसमज पसरेल या कारणाने केंद्र सरकारने ते दोन दिवसांत मागे घेतले. प्राधिकरणाने उपलब्ध करून दिलेली 'मास्क्ड आधार'ची सोय मात्र कायम आहे. तिच्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. शक्यतो वाहनपरवाना किंवा मतदार ओळखपत्र द्यावे. आधारच द्यायचे झाले, तर मास्क्ड प्रत द्यावी आणि प्रतीवर आडवे 'केवळ मुक्कामासाठी', लॉजचे नाव आणि तारीख लिहून सही करावी. मूळ ओळखपत्र मात्र रात्रभर काउंटरवर ठेवू नये. तसा आग्रह धरला गेल्यास ठाम नकार द्यावा.

एकट्या महिलेला किंवा विवाहाचा पुरावा नसलेल्या जोडप्याला खोली नाकारणे, तसेच तालुक्यातीलच पत्ता असलेल्याला 'लोकलला देत नाही' असे सांगणे, हे लहान गावांतील जुने दुखणे आहे. दोन अविवाहित प्रौढांनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे 'कायद्यात बसत नाही' हे काउंटरवरचे उत्तर खरे नव्हे. तो त्या मालकाचा स्वतःचा नियम असतो. मात्र रात्रीच्या वेळी कायद्याचा किस पाडून खोली मिळत नाही, हेही तितकेच खरे. नोकरीच्या मुलाखतीसाठी अथवा प्रशिक्षणासाठी एकट्या येणाऱ्या मुलींनी निघण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे आणि शक्य तर संबंधित कंपनी वा संस्थेकडूनच खोलीची व्यवस्था करून घ्यावी. खोलीत छुपा कॅमेरा असल्याचा संशय आल्यास कशालाही हात न लावता बाहेर पडून ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखालील गुन्हा आहे.

खोली आधी, सही नंतर

खोली पाहिल्याशिवाय नोंदवहीत सही करू नये. पंखा, दिवे, नळ, आतली कडी आणि खिडकीचा बोल्ट या पाच गोष्टी तपासायला दोन मिनिटे पुरतात. रस्त्याच्या बाजूची खोली शक्यतो टाळावी. साखरवाडीसह परिसरातील कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धावतात आणि चालकाला झोप येऊ नये म्हणून लावलेली गाणी साऱ्या रस्त्याची झोप उडवतात. मागच्या बाजूची खोली थोडी अंधारी असली, तरी पत्करावी. उन्हाळ्यात शेवटच्या मजल्यावरील खोलीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. फलटण हा पर्जन्यछायेचा प्रदेश. एप्रिल-मेमध्ये खालच्या मजल्यावरची साधी खोली वरच्या मजल्यावरील महागड्या खोलीपेक्षा सुखावह ठरू शकते.

गरम पाणी हा स्वतंत्र अध्याय आहे. अनेक लॉजवर सौर यंत्रणा असते आणि गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच मिळते. टाकी गच्चीवर असल्याने खालच्या मजल्यावर नळातून आधी बराच वेळ थंड पाणी येते. पाहुणा वैतागून नळ बंद करतो आणि 'गरम पाणीच नव्हते' अशी तक्रार करतो. पावसाळी ढगाळ दिवसांत मात्र ही तक्रार रास्त असते. स्नानगृहातच गॅसचा गिझर बसवलेला असेल आणि हवा खेळती नसेल, तर तो वापरूच नये. बंदिस्त जागेत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो की वास, आणि अशा स्नानगृहांत माणसे दगावली आहेत. बादलीभर गरम पाणी बाहेरून मागवण्यात कमीपणा नाही.

भाड्याच्या मोटारीने येणारी मंडळी चालकाची सोय विसरतात. स्वतः वातानुकूलित खोलीत आणि चालक डासांत, मोटारीच्या आसनावर! दुसऱ्या दिवशी याच माणसाच्या हाती चाक असणार आहे. काही लॉजवर चालकांसाठी कॉट मिळते, स्नानाची सोय असते. खोली ठरवतानाच ती विचारावी.

लॉजचालकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. दोघांसाठी घेतलेल्या खोलीत सात जणांनी झोपणे, हळदीचे हात पांढऱ्या चादरीला पुसणे, निघताना टॉवेल पिशवीत जाणे, हे सारे लग्नसराईत नित्याचे. जादा गादीचे पैसे मागितले की 'आम्ही यजमानांचे पाहुणे' हे उत्तर तयार असते. रात्रपाळीला एकटाच असलेला मुलगा या साऱ्याला तोंड देतो. त्याच्याकडून तारांकित हॉटेलच्या अदबीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बिलावर काय असावे

दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांना १८ जुलै २०२२ पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. त्या दिवसापासून त्यांनाही १२ टक्के कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के कर आहे. त्याहून महाग खोल्यांना १८ टक्के. म्हणजे दीड हजाराच्या खोलीवर पूर्वी १८० रुपये पडत, आता ७५ रुपये पडतात. जुन्याच दराने आकारणी झाली, तर तेथेच विचारावे. कर लावणाऱ्या बिलावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. ज्याची नोंदणीच नाही, अशा लहान लॉजला कर आकारण्याचा अधिकार नाही. 'बिल हवे असेल तर कर पडेल' हे वाक्य ऐकू आले, तर बिलच घ्यावे. पावती नसेल, तर पुढे कोणतीही तक्रार उभी राहत नाही. पाण्याच्या बाटलीवरून मात्र फार ताणू नये. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीसाठी छापील किमतीपेक्षा अधिक आकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे.

'वाहने मालकाच्या जबाबदारीवर लावावीत' ही पाटी सर्वत्र दिसते. ती पाटी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. दिल्लीतील एका हॉटेलातून १९९८ मध्ये चोरीस गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्णय दिला. किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे सोपवल्यानंतर हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे मोटार गेली, तर अशा पाटीआड हॉटेलला लपता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पाहुण्याने स्वतःच रस्त्याकडेला लावलेल्या मोटारीला हे तत्त्व आपोआप लागू होत नाही. दागिन्यांचे काय? लग्नाला येणाऱ्यांनी ते लॉजच्या कपाटात ठेवून बाहेर पडू नये. अंगावर किंवा घरच्या जबाबदार व्यक्तीजवळ असावेत.

वाद मिटलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली आहे. पुण्याच्या पाहुण्याला त्यासाठी साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्कही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

निघण्याच्या दिवसाविषयी एक गोष्ट राहते. पुणे-फलटण रेल्वे ३० मार्च २०२१ रोजी सुरू झाली असली, तरी बहुसंख्य प्रवाशांची भिस्त अजून एसटीवर आहे. पहाटेची गाडी गाठायची तर साडेचारला खाली उतरावे लागते. त्या वेळी लॉजचे शटर आतून कुलूपबंद असते, किल्ली पहारेकऱ्याच्या उशाशी आणि पहारेकरी गाढ झोपेत. बिलाचा हिशोब करणारा तर सकाळी आठशिवाय येत नाही. पहाटे निघणाऱ्याने रात्री जेवणानंतरच बिल चुकते करून पावती घ्यावी, अनामत रक्कम परत मागावी आणि शटर उघडायला कोणाला उठवायचे, त्याचे नाव आणि झोपण्याची जागा विचारून ठेवावी.